कवडूची तिसरी नाव

ऐका, पण मधे हसायचं नाही. कवडू भोयाला खोटं बोलणं बापजन्मात जमलं नसतं.

छप्पन सालच्या पोळ्याची रात्र. अमावास्या. पुलगावच्या खालच्या अंगाला वर्धा नदी चढत होती, म्हणून जेवणाआधी नावेचा दोर पाहून यावा, एवढ्यासाठी कवडू कंदील घेऊन घाटावर उतरला.

त्याच्या घरची रीतच होती. आजा, बाप, मग कवडू आणि धाकटा भाऊ श्रावण. सागाच्या फळ्या घरीच तासायच्या, नाव घरीच बांधायची आणि घरच्याच माणसानं वल्हवायची. तीन नावा होत्या. चैत्रात एका रात्री श्रावणानं त्यातल्या दोन खालच्या घाटाच्या ठेकेदाराकडे नेल्या आणि स्वतःही तिकडेच राहिला. ज्याला कवडूनं कडेवर वागवलं, त्यानंच! कवडूच्या मनातली आग अजून विझली नव्हती.

दोर पक्का होता. कवडू वळला, तोच पलीकडून हाक आली.

"दादा... नाव आण."

श्रावणाचाच आवाज! जावं की न जावं? पण घाटावरची हाक परतवायची नाही, हा बापाचा शब्द. शिव्या घालतच कवडूनं नाव सोडली.

पलीकडे श्रावण उभा होता, कंदिलाकडे पाठ करून. मुकाट्यानं पुढच्या टोकाला जाऊन बसला. कवडूनं वल्हं मारलं.

"काऊन केलं रे असं? मले सांगतलं असतं, त दिली नसती का तुले?"

त्यानं पुन्हा वल्हं मारलं. 

आणि कवडूच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. माणूस चढला, पण नाव बोटभरही दबली नव्हती. स्वतः बांधलेली नाव. तिचा भार त्याला वल्ह्यातून कळायचा. दुसरा कोणी भ्याला असता. कवडूला मात्र वाटलं, ठेकेदारानं पोराला उपाशी ठेवलं, दुसरं काय! त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"किती वाळला रे तू! चाल घरी. तुह्या वयनीनं पुरण केलं हाय."



काठ लागला तेव्हा श्रावण बोलला, "तू चाल समोर, दादा. नाव मी बांधतो."

कवडू जवळजवळ पळतच घरी आला.

"धुरपते, श्रावण आला! ताट वाढ."

बायकोनं बाहेर डोकावलं. "कुठी हाय? दारात त कोणीच नाई."

"नाव बांधून राह्यला. येते."

ताट वाढलं. तूप गोठलं. दोघं दाराकडे बघत बसली.

कोणी आलं नाही.

तांबडं फुटलं तेव्हा ठेकेदाराचा माणूस आला. मान खाली.

"श्रावण गेला, दादा. काल धारेत नाव उलटली. आत्ता सापडला..."

"काल? कवा?"

"दुपारी."

कवडू रडला नाही. तडक घाटावर गेला. खुंट्याला दोर नव्हता. नाव नव्हती. पुरानं नेली म्हणावं, तर ती समोर दिसत होती... पलीकडच्या काठाला. कवडू घरी परतल्यावर पाणी आणखी चढलं होतं; त्यात उतरायची कोणाची छाती नव्हती.

"तिसरी बी नेली रे," एवढंच कवडू म्हणाला. 

पूर ओसरल्यावर लोक पलीकडे गेले. नाव बाभळीला बांधलेली होती. गाठ उलटी. डाव्या हातानं मारलेली.

त्या घरात डावखुरा एकटा श्रावण.