बेडूकगाडीची चाचणी

गाडी आली तेव्हा वहिनींना हसूच फुटलं. पिकअपच्या हौद्यात फायबरची एक फुगीर नाव होती, उन्हापावसानं हिरव्याची राखाडी झालेली, आणि त्या नावेला खाली सहा गलेलठ्ठ चाकं.

"ही धावते की पोहते?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे धड एकही नाही."

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. गॅरेज सासऱ्यांच्या हातचं. नवरा जहाजावर नोकरीला, मुलगी लहान, तेव्हा दुकान या दोघांनीच चालवायचं. इंजिन भाऊजींचं, पत्रा, फायबर आणि रंग वहिनींचा. तळ्याकाठच्या हॉटेलमालकानं ही जुनी गाडी भंगारातून उचलली होती. पाहुण्यांना झाडीतून न्यायचं, तसंच पाण्यात उतरवून पलीकडे फिरवायचं, असा त्याचा बेत. गल्लीतल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, बेडूकगाडी.

काम जीव काढणारं होतं, पण दोघांना आवडतही होतं. आत चिखल दगडासारखा बसला होता, तो छिन्नीनं काढावा लागला. चेनी गंजून एकजीव झाल्या होत्या. चाकांचे दांडे जिथून आत येतात तिथली रबरं कुजली होती. पाणी आत शिरणार ते तिथूनच, म्हणून भाऊजींनी ती सगळी नवी बसवली. जाम झालेलं इंजिन त्यांनी तेल पाजून पाजून सोडवलं, आणि ते पहिल्यांदा फुरफुरलं तेव्हा लहान मुलासारखे नाचले.

वहिनी रंग घासत होत्या. वरच्या काठाचा जुना थर निघाला आणि खाली ओरखडे दिसू लागले. चार-चार एकत्र, काठावरून सुरू होऊन बाहेरच्या अंगानं खाली घसरत गेलेले. चहूबाजूंनी.

"दगड लागले असतील," भाऊजी म्हणाले.

"दगड काठ धरतो का, भाऊजी?"

त्यांनी सहज आपली बोटं त्या खाचांवर ठेवली. चारही बोटं बरोबर बसली. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

वहिनींनी खाचांत पुटी भरून काठ सपाट केला. सकाळी येऊन बघतात तर पुटीच्या पट्ट्या जमिनीवर पडलेल्या, खाचा जशाच्या तशा उघड्या, आणि बंद गॅरेजमध्ये साचलेल्या पाण्याचा वास. "हार्डनर कमी पडला," भाऊजी पुटपुटले. वहिनींनी पुन्हा मोजून मापून भरली. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी अख्ख्या काठावर फायबरचं कापड चढवून वर रेझिन ओतलं. ते मात्र टिकलं. पण त्यानंतर वहिनी गाडीकडे पाठ करून बसेनात.

चाचणीच्या सकाळी तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. धक्क्यावर एक म्हातारा नावाडी जाळं झटकत होता. पिकअपवरून गाडी उतरताना बघून त्याचे हात थांबले.

"हिला परत आणलीत?"

"ओळखता तुम्ही?" भाऊजींनी विचारलं.

"पुरात हीच फिरत होती. छपरांवरची माणसं काढत होती." तो जाळ्याकडे बघतच बोलत होता. "शेवटच्या फेरीला चहूकडून हात पडले काठावर. गाडी भरलेली... तरी हात पडतच होते."

"मग?"

"मग काय. काठ पाण्याखाली गेला." जाळं खाली ठेवून तो म्हणाला, "तुम्ही दोघंच ना? दोघंच राहा. मध्ये कोणाला घेऊ नका."

भाऊजी हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "वहिनी, मालकाला सांगू का, आज नको म्हणून?"

वहिनींनी गाडीचा काठ एकदा चाचपून पाहिला. "उद्या यात लोकांची पोरं बसणार आहेत, भाऊजी. काय व्हायचं ते आपल्यासमोर होऊ दे. चला."

गाडी उतारावरून पाण्यात शिरली, चाकांनी पाणी कापू लागली आणि चक्क तरंगली. अगदी हलकी. भाऊजी गाडी वळवायचे दोन्ही दांडे धरून पुढे बसले होते, वहिनी शेजारी वाकून रबरांवर नजर ठेवून होत्या. पाठीमागचा बाक रिकामा. "पोहतोय बेडूक!" भाऊजी ओरडले. मागं वळून पाहिलं तर धक्का धुक्यात नाहीसा झाला होता.

तळ्याच्या मध्यावर गाडी उजवीकडे झुकली. झटका नव्हता तो. कोणी काठ धरून अंग वर ओढून घ्यावं, तशी ती सावकाश झुकली आणि पुन्हा सरळ झाली. पण आधीपेक्षा खाली.

मग डावीकडून. मग मागून.

"वहिनी... पाणी शिरतंय का?"

वहिनींनी तळावरून हात फिरवला. "नाही. कोरडं आहे."

"मग आपण बुडतोय कशानं?"

इंजिन चढ चढल्यासारखं कण्हू लागलं. पाणी काठापर्यंत यायला वीतभरच उरलं होतं. वहिनींनी हत्यारांची पेटी उचलून पाण्यात टाकली. गाडी तसूभरही वर आली नाही. उलट पुन्हा झुकली. आता मानेवर गार, दमट हवा येत होती, धाप लागलेल्या माणसाच्या श्वासासारखी थांबून थांबून. चिखलाचा वास घशात बसला.

भाऊजी अर्धवट उठले. "उडी मारू... पोहत जाऊ..."

वहिनींनी त्यांची बाही घट्ट धरली. "बसा खाली. तुमची जागा रिकामी झाली तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

मग त्या मागे वळल्या. बाक रिकामाच होता. त्यांनी त्या रिकाम्या बाकाला सांगितलं, आवाज कापत असतानाही अगदी स्पष्ट, "बसलात ते बसा. हलू नका. आम्ही काठाला नेतोय तुम्हाला." आणि बाहेरच्या धुक्याकडे बघून, "आता आणखी कोणाला घेता येणार नाही हो. नाही घेता येणार."

गाडी स्थिर झाली. भाऊजींनी ती धक्क्याकडे वळवली. तेवढ्यात काठावर बाहेरून खरवडल्याचा आवाज आला. खर्र... खर्र... दोन्ही अंगांनी, मागे मागे सरकत गेला आणि सुटला. वहिनींनी कानांवर हात ठेवले. त्या रडत होत्या हे त्यांना काठ येईपर्यंत कळलं नाही.

चाकं तळाला टेकली. गाडी रखडत उतारावर चढली आणि थांबली. सहाही टायर भाकरीसारखे चपटे झाले होते. दोघं खाली उतरून जीव मुठीत धरून उभे राहिले. मागचा एक टायर हळूच फुगला. मग दुसरा. मग मधला. प्रत्येक वेळी गाडी जराशी हलायची, आणि ओल्या दगडांवर कोणीच नसायचं.

नावाड्यानं तोंड धक्क्याच्या भिंतीकडे फिरवलं होतं. "घेतलंत शेवटी," तो म्हणाला.

"आम्ही घेतलं नाही," वहिनी म्हणाल्या. "ते चढले. पण आणलं काठाला."

"बरं केलंत." तो अजून भिंतीकडेच बघत होता. "गेले का सगळे?"

वहिनींनी गाडीकडे पाहिलं. सहाही टायर पूर्ण फुगले होते, गाडी रिकाम्या डब्यासारखी हलकी दिसत होती. भाऊजींनी मोठ्ठा श्वास सोडला आणि कपाळ पुसलं. "गेले बाबा... चला, हिला इथंच ठेवू. मालकाला काय सांगायचं ते घरी जाऊन ठरवू. मुलगी वाट बघत असेल तुमची."

त्यांनी खिशातून पिकअपची किल्ली काढली.

रस्त्याच्या कडेला पिकअप उभी होती. दारं बंद, हौदा रिकामा. दोघांच्या डोळ्यांदेखत तिचे मागचे स्प्रिंगचे पाटे करकरले, हौदा एका अंगाला सावकाश खाली बसला... आणि तसाच राहिला.