ज्वारीच्या डब्यातली काडतुसं

निवडणुकीचा गुलाल धुऊन निघाला, तसा जोतिबा ठाण्यात जमा केलेली दुनळी बंदूक परत आणायला निघाला. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात ठेवायच्या आणि निकालानंतर घरी आणायच्या, हे कडेगावाकडच्या लोकांना माहेरवाशिणीच्या येण्याजाण्याइतकं अंगवळणी पडलंय. आजवर हे काम आबा करायचे. आबा म्हणजे जोतिबाचे वडील, लष्करातले निवृत्त सुभेदार. ते वारल्यावर परवाना जोतिबाच्या नावावर झाला आणि त्या दिवसापासून गड्याच्या मिशांनी वरची वाट धरली. तरुणपणी लष्कराच्या भरतीत छातीनं दगा दिला होता. आता खांद्यावर बंदूक आली म्हटल्यावर ती कसर भरून काढायची होती.

ठाण्यातल्या हवालदारानं बंदूक हातात देताना विचारलं, "काडतुसं निराळी ठेवताय न्हवं?"

"आवं, आमच्या आबांचा नेमच हाय त्यो," जोतिबा म्हणाला.

नेम खराच होता. आबा बंदूक माजघरातल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवायचे आणि काडतुसं स्वयंपाकघरात, ज्वारीच्या पिठाच्या डब्याच्या तळाशी. "बंदूक आन् काडतूस म्हंजी नवरा-बायको," तपकिरीची चिमूट ओढत ते सांगायचे. "एका खोलीत निजवली, की भलतंच काय तरी जन्माला येतं." खंडेनवमीला शस्त्रं पुजतानासुद्धा बंदुकीचा पाट वेगळा आणि काडतुसांचं ताट वेगळं. लहानपणी त्यांनी जोतिबाला एक उडालेलं काडतूस दाखवलं होतं. चाप ओढला की आतली पिन काडतुसाच्या बुडावर आदळते आणि तिथं मसुरीच्या डाळीएवढा खळगा पडतो. "ह्यो खळगा बगून ठेव," आबा म्हणाले होते. "एकदा पडला की भरून निगत न्हाई."

पण हल्ली वस्तीवर हवाच निराळी होती. रात्री आभाळात ड्रोन फिरतंय, चोर आधी वरनं घरं हेरतात आणि मग उसातून येतात, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. ड्रोन कुणी धड पाहिलं नव्हतं. एकानं पाहिलं, ते शुक्राची चांदणी निघालं. तरी जोतिबा रात्री उठून उठून दारं तपासू लागला. त्याचं घर उसाच्या कडेला, एकटं. त्यानं डब्यातली दोन काडतुसं काढली, नळ्यांत सारली आणि भरलेली बंदूक मागच्या दारामागे उभी केली.

सकाळी पाहतो तर बंदूक काडतुसं भरायला मोडतात तशी मधोमध उघडी पडलेली आणि नळ्या रिकाम्या!

"आवं, ही बंदुकीची अंडी ज्वारीच्या पिठात कशापाई?" आतून त्याची बायको सुलाबाई ओरडली.

जोतिबानं बायकोलाच धारेवर धरलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मला लोणच्याच्या बरणीचं झाकण निगत न्हाई, तुमीच काढून देता. ही तोफ मी उगडीन व्हय?" मग हळूच बोलली, "मामंजींच्या तपकिरीचा वास येतुया बगा सोप्यात... काल सांजंपासनं."

"आबांची तपकीर कवाच सपली," जोतिबा हसला. हसू जरा कोरडंच होतं.

त्यानं पुन्हा बंदूक भरली. पुन्हा सकाळी काडतुसं पिठात. एकदा तर डबाच उशाला घेऊन निजला. मान अवघडली, पण काडतुसं चुकली नाहीत, त्याच्याच डोक्याखाली येऊन बसली. आपणच झोपेत चालतो, असं त्यानं स्वतःला बजावलं. दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायची त्याची तयारी नव्हती.

आणि मग ती दिवेलागण आली.

सुलाबाई शेजारच्या वस्तीवर हळदी-कुंकवाला गेली होती. वीज गेलेली. जोतिबानं कंदील लावला, पुढच्या दाराला कडी घातली आणि उजेडात, टक्क जागेपणी, बंदूक भरली. दोन्ही काडतुसांची पितळी बुडं चकचकीत, नवी कोरी. नळ्या मिटल्या. खट्. मागच्या दाराची कडी मोडकी होती, म्हणून बंदूक मांडीवर घेऊन तो त्या दाराकडे तोंड करून बसला.

बाहेर उसाची पानं घासत होती. वारा पडला तरी घासतच राहिली. मग बांधावरून पावलं आली... थांबली... पुन्हा आली. त्याच वेळी सोप्यात तपकिरीचा वास असा दाटला, की जोतिबाला शिंक येता येता राहिली.

"कोन हाय?..."

पावलं आणखी जवळ आली.

"कोन हाय रं?... बोल, न्हायतर घालीन गोळी!"

दार ढकललं गेलं. चौकटीत एक काळी आकृती उभी. डोकं मडक्यासारखं गोल, चेहरा नाहीच. जोतिबानं बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

टक्.

एवढंच. आकृतीनं हातातली पिशवी खाली ठेवली, डोक्यावरचं हेल्मेट काढलं, कानातली गाण्याची बोंडं उपसली आणि म्हणाली, "आप्पा, हे काय?"

ती स्वप्नाली होती, त्याची एकुलती एक लेक. मिरजेच्या दवाखान्यात नर्स. नोकरी कायम झाल्याचे पेढे घेऊन न कळवता आली होती. वाटेत पाटाचं पाणी तुंबलेलं, म्हणून गाडी रस्त्यावरच लावून बांधानं चालत आलेली.

जोतिबाच्या हातातली बंदूक लेकीनंच काढून घेतली. मोडून पाहिली. नळ्या रिकाम्या.

"रिकामी बंदूक रोखून चोराला भ्या दावत हुता व्हय?" ती खदाखदा हसली. जोतिबा मात्र तिला पोटाशी धरून लहान पोरासारखा रडला. तिला वाटलं, पेढ्यांच्या आनंदानं रडतोय.

सुलाबाई आली, वीज आली, चूल पेटली. घरात कल्ला उडाला. जोतिबानं बंदूक कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली आबांच्या फोटोमागे खोचली आणि फोटोपुढे पहिला पेढा ठेवला. उद्या तालुक्याला गेलं की तपकिरीची डबी आणायची, असंही मनाशी ठरवलं.

"आप्पा, घ्या तुमची बाळं," भाकरीसाठी डबा उघडताना स्वप्नालीनं दोन्ही काडतुसं त्याच्या तळहातावर ठेवली.

ज्वारीचं पीठ लागलं होतं. त्यानं ते अंगठ्यानं पुसलं. एकाचं बूड चकचकीत होतं, नवं कोरं.

दुसरंही भरलेलंच होतं, न उडालेलं; पण त्याच्या बुडावर मसुरीच्या डाळीएवढा ताजा खळगा पडला होता.