एकही चाल हुकली नाही

शांतिनाथ मगदूमला कपाळाला बांधायच्या या पट्टीतून काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढं वाचताना वाटेल, की बिचारा निव्वळ बहिणीच्या मायेपोटी झटत होता. माया होतीच. पण मायेच्या शेजारी आणखीही काही होतं. मिरजेच्या मज्जासंकेत प्रयोगशाळेत नऊ वर्षं दुय्यम संशोधक म्हणून काढल्यावर स्वतःच्या नावाचं एक उपकरण. डबा खाताना ‘गेम खेळायची टोपी’ म्हणून टर उडवणाऱ्या चौघांचे पडलेले चेहरे. आणि अरण्यझुंजीच्या दुहेरीत देशातली पहिली जोडी म्हणून लागणारं नाव. या सगळ्यांना त्यानं ‘विज्ञानाची सेवा’ असं एकच नाव दिलं होतं.

त्याची धाकटी बहीण आणि खेळातली जोडीदार सुप्रभा तेवीस वर्षांची. तिला मिळणार होत्या शंभरात चार चाली. बस, तेवढ्याच. पण पहिल्या आणि अकराव्या क्रमांकात अंतरही तेवढंच असतं.

अरण्यझुंज हा पडद्यावरचा खेळ तसा सोपा. दोन्ही बाजूंना दोन-दोन खेळाडू, प्रत्येकाचं एक अक्राळविक्राळ श्वापद. चौघांनी सात सेकंदांत आपापली चाल निवडायची, मग चारही श्वापदं मिनिटभर एकमेकांवर तुटून पडतात. घाव बसून श्वापद दचकलं, गारठलं किंवा झोपलं, की त्याची चाल हुकते. ते नुसतं उभं राहून मार खातं. म्हणून जाणता खेळाडू मारण्यापेक्षा न हुकण्याची तयारी जास्त करतो. दचकू नये म्हणून श्वापदाच्या गळ्यात धीरमणी बांधतो, झोपेवर जागरवेल चारतो. सुप्रभा यात इतकी तयार, की तिचा काजळगवा दोन वर्षांत एकदाही दचकला नव्हता.

तिच्या चाली हुकत, त्या पडद्याच्या अलीकडे.

सहाव्या वर्षापासून तिला भानलोप व्हायचा. बोलता बोलता, जेवता जेवता ती आठ-दहा सेकंद थांबायची. पापण्या फडफडायच्या, तोंडात गोळी चघळावी तसे ओठ हलायचे, आणि मग सोडलेलं वाक्य तिथूनच पुढं. मधलं काही गेलं याचा तिला पत्ताच नसे. घरच्यांना सवय झाली होती. घड्याळाला सवय होत नाही.

पट्टी तयार झाली तेव्हा शांतिनाथनं डॉ. नसीमा मुजावरांना प्रयोगशाळेत बोलावलं. सुप्रभावर त्या पहिल्यापासून उपचार करत होत्या, आणि त्यांची रीत जगावेगळी होती. सुप्रभा प्रत्येक सामना वहीत उतरवून काढायची आणि वेळेत न दिलेल्या चालीभोवती वर्तुळ करायची. डॉक्टर मेंदूचा आलेख बाजूला ठेवून ती वर्तुळं मोजायच्या आणि गोळ्या ठरवायच्या. आलेख वर्षातून दोनदा निघतो, वही रोज बोलते, असं त्यांचं म्हणणं.

“म्हणजे ही तिच्याऐवजी खेळणार?” त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

“नाही मॅडम. ती नसेल तेवढंच.”

मग त्यानं समजावलं. माणूस चाल निवडतो त्याच्या थोडं आधी मेंदूचा कल ठरलेला असतो. आठ महिन्यांत पट्टीनं सुप्रभाच्या चाळीस हजार चाली पाहिल्या होत्या. कुठल्या पेचात ती काय करेल हे शंभरात चौऱ्याण्णव वेळा पट्टी अचूक सांगत होती. सातवा सेकंद संपत आला आणि चाल आली नाही, तर ही पूर्तिपट्टी सुप्रभानं दिली असती तीच चाल देऊन टाकणार.

“आणि भानावर आल्यावर तिला काय दिसणार?”

“तिची चाल. वेळेत पडलेली.”

“मग ती आपणच खेळले म्हणून सांगेल. खोटं नाही बोलणार ती. मेंदू लबाड असतो, शांतिनाथ. आपल्यासारखं काम समोर दिसलं, की केलं कुणी हे न विचारता सही करतो.” त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. “मोजणी तरी ठेवते का ही?”

भरलेली प्रत्येक चाल पट्टीच्या आत नोंदली जाते, असं त्यानं सांगितलं. ते खरंच होतं.

पुढं आयोजकांनी अटी घातल्या. सामना चालू असताना पट्टीनं कसलीही खूण द्यायची नाही. अंतिम फेरी संपेपर्यंत नोंद मोहोरबंद राहील. कुणी उघडली तर जोडी बाद. आणि समतेसाठी जोडीतल्या दोघांनीही पट्टी बांधायची. शांतिनाथनं हसत स्वतःच्याही कपाळाला बांधली. पट्टीला आपल्याकडं काय काम पडणार, असं त्याला वाटलं.

अकरा आठवड्यांत वहीत एकही वर्तुळ उमटलं नाही. जोडी अकराव्यावरून तिसऱ्यावर आली. सुप्रभा म्हणायची, प्रत्येक चाल मला आठवतेय, बोटाखालच्या कळीसकट.

“दादा, तुझी पट्टी फुकट पगार खातेय.”

“मग दे काढून, सुप्रे.”

“फायनल झाल्यावर देते. तोवर कपाळाला शोभते.”

आता तिला गोळी खुपायला लागली. गोळीनं डोकं जड होतं, चाल सहाव्या सेकंदाला सुचते, आणि लोप तर होतच नाहीत, मग गोळी कशासाठी? डॉक्टरांनी नोंद मागितली. ती मोहोरबंद आहे, असं शांतिनाथनं सांगितलं.

“बरं. मग तुला काही दिसतं का? तू दिवसभर शेजारी असतोस.”

शेजारी असायचा, पण डोळे पडद्यावर. तरी मागच्या आठवड्यात जेवताना ती दोनदा थांबलेली त्यानं पाहिली होती. दुसऱ्यांदा तर भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून हात तसाच राहिला होता. दहा-दहा तास सराव करते, दमत असेल, असं म्हणून त्यानं ते स्वतःपुरतं मिटवलं होतं.

“काही नाही मॅडम. वही तुमच्यासमोर आहे.”

डॉक्टरांनी वही दोनदा चाळली. पानांवर इतकी स्वच्छ शाई त्यांनी सतरा वर्षांत पाहिली नव्हती. त्यांनी गोळी एक तृतीयांशानं कमी केली.

तीन आठवड्यांनी हैदराबादला अंतिम सामना झाला. पहिला डाव गेला, दुसरा जिंकला. तिसऱ्या डावात सुप्रभा जे खेळली ते शांतिनाथनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. घाई नाही, हातचं राखणं नाही, एकेक चाल जिथल्या तिथं. ती खुर्चीत ताठ बसून होती. एकदा त्यानं तिच्याकडं वळून पाहिलं. पापण्या किंचित फडफडत होत्या, ओठ हलत होते. हाक मारावी असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पडद्यावर तिचा काजळगवा त्याच्या श्वापदाच्या, विजेऱ्याच्या पुढं येऊन उभा राहिला आणि समोरचा घाव त्यानं स्वतःच्या अंगावर घेतला. म्हणजे ती होती. ती त्याला वाचवत होती. त्याचे डोळे भरून आले आणि तो पुन्हा पडद्याकडं वळला.

सव्विसाव्या चालीला ते जिंकले. लोक उभे राहिले. सुप्रभा बसूनच होती. पोरगी भारावली, असं निवेदक म्हणाला. शांतिनाथनं तिला मिठी मारली, फोटो निघाले, करंडक तिच्या मांडीवर ठेवला गेला. मग तिचं अंग ताठ झालं आणि झटके सुरू झाले. ते तासाभरानंही थांबले नाहीत.

चौथ्या दिवशी ती गेली. असा लोप सुरुवातीला एका इंजेक्शननं मोडतो, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. जितका लांबतो तितकं औषध चालेनासं होतं. हिचा अर्धा तास तरी लांबला होता. कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. त्यात ठपका नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

तेराव्या दिवसानंतर शांतिनाथनं मोहोर तोडली, तेव्हा डॉ. मुजावर सुप्रभाची वही उघडून शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. नोंद सुवाच्य होती. पहिल्या आठवड्यात पट्टीनं शंभरात चार चाली भरलेल्या. दहाव्यात सात. गोळी कमी केल्यावर तेरा, मग बावीस. अंतिम सामन्याचा तिसरा डाव: सव्विसांत सव्वीस.

“काजळगवा पुढं आला, ती चालसुद्धा?” त्यानं विचारलं.

“ती सतरावी ना? तीही.” त्यांनी नोंदीवर बोट ठेवलं. “पण पट्टीनं ती तिच्याकडूनच शिकली, शांतिनाथ. शुद्धीत असती तर तिनं तेच केलं असतं.”

मग गोळी मी कमी केली, अर्धा दोष माझ्याकडं आहे, असं त्या म्हणू लागल्या. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं स्वतःच्या पट्टीची नोंद उघडली होती. सबंध स्पर्धेत तिच्यात एकच ओळ उमटली होती: तिसरा डाव, चाल सतरा, खेळाडूकडून चाल नाही, पट्टीनं भरली.

तो बहिणीकडं पाहत होता ती चाल. आपण क्षणभरच पाहिलं, असं तो दोन आठवडे स्वतःला सांगत आला होता. क्षणभर नव्हतं. पुरते सात सेकंद तो तिच्या तोंडाकडं पाहत होता आणि ते काय आहे हे त्याला कळत होतं. त्याचा हात कळीवर गेलाच नव्हता. विजेरा वेळेत झेपावलेला दिसला, म्हणून आपणच त्याला झेपावायला लावलं, असं त्याला वाटलं होतं.

नियमांचं पुस्तक डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यानंच सांगितलं. आवाज कोरडा होता. जोडीतल्या दोघांच्याही चाली एकाच वेळी हुकल्या, तर संपर्क तुटला असं धरून पंच खेळ थांबवतो आणि खुर्चीपाशी येऊन दोघांना नावानं हाक मारतो.

“सतराव्या चालीला आम्ही दोघंही हुकलो होतो, मॅडम.”

 डॉ. मुजावरांनी वही मिटली आणि त्याच्यापुढं सरकवली.

आता जमाखर्च पुरा करायचा तर तो असा. आयोजकांना चुरशीचा अंतिम सामना मिळाला. प्रयोगशाळेला उपकरण मिळालं, शांतिनाथच्याच नावाचं. डबा खाताना आता कुणी काही बोलत नाही. डॉ. मुजावरांनी नवे रुग्ण घेणं बंद केलं. करंडकावर दोन नावं आहेत. सबंध स्पर्धेत मगदूम जोडीच्या हुकलेल्या चाली: शून्य. सतराव्या खेपेला दोन हुकायला हव्या होत्या, एक सुप्रभाची आणि एक शांतिनाथची. दोन्ही चाली वाचल्या. भरपाई सुप्रभानं केली.