जास्तीची एक मात्रा

अवकाळी पावसात अजमत मिशनच्या चर्चच्या व्हरांड्यात शिरला, त्यात त्याचा फायदा एवढाच होता – सारंगीचं कातडं भिजायचं वाचणार होतं. आत पायपेटी वाजवणाऱ्या सलोमीचा फायदा जरा जास्त. जांभई न देता तिचं वाजवणं ऐकणारा माणूस तिला अख्ख्या जालन्यात अजून भेटायचा होता.

"बाई, हे कोनाचं हो?" खिडकीतून आवाज आला. "रडून राह्यलंय... पन ताठ बसून."

सलोमीनं वळून पाहिलं. ओली शेरवानी, भिजलेल्या पापण्या, आणि लेकरू धरावं तशी छातीशी धरलेली सारंगी.

"ग्राउपनरचं. दोनशे वर्षांमागं जर्मनीत एका राजाच्या दरबारी गाणी रचायचा. दुसऱ्या मोठ्या शहरानं बोलावलं, तर राजानं सोडलं न्हाई. पगार वाढवून दिला."

"मंग?"

"मंग काय? राह्यला. तिथंच डोळे गेले, तिथंच मेला."

अजमत हसला, पण हसू ओठांपुढं गेलं नाही. तोही जहागीरदारांच्या देवडीवरचा, म्हणजे वाड्यावरचा, गाणारा नोकर. चीज तो बांधायचा, आणि रिवाजाप्रमाणं शेवटच्या ओळीत नाव यायचं 'दिलशाद' – साहेबांचं टोपणनाव. साहेबांना तबला लावणं चाललंय की वाजवणं, एवढंच अजून कळायचं होतं.

पाऊस थांबला. अजमतचं येणं थांबलं नाही.

"आज तर आभाळ कोरडं हाये, उस्ताद."

"सारंगीला उन्हाचा घाम येतो ना."

"सारंगीला का उस्तादांना?"

"दोघांचा जीव एकच हाये, बाई." मग हळूच – "आता तिघांचा."

उन्हाळाभर त्यानं ग्राउपनरच्या सुरावटीवरून एक चीज बांधली. शेवटच्या ओळीआधी एक लांब सूर होता, संथ, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा.

"हा सूर माझा," सलोमी म्हणाली. "देशील?"

"दिला. आन ऐक, ह्याच्यापुढं 'कहे अजमत' बराबर बसतं. 'दिलशाद' एक मात्रा जास्त होतं, ठेचकाळतं."

"मंग घाल की तुझंच नाव! भितोस काय?"

त्यानं पायपेटीच्या पट्टीवरची तिची करंगळी तेवढी आपल्या करंगळीत गुंतवली.

सलोमीला पुण्याच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचं काम मिळालं, तेव्हा ठरलं – दोघांनी जायचं, तिथंच लग्न करायचं.

"साहेबांच्या लेकीच्या शादीत हीच चीज गातो," अजमत म्हणाला. "माझं नाव ऐकू आलं की समज, नोकरी सुटली. सकाळी मनमाडची गाडी."

"सरळ जाऊन सांग ना साहेबांना."

"त्यांच्यापुढं तोंड उघडत न्हाई माझं, सलू... गातानाच तेवढं उघडतं."

तिनं विश्वास ठेवला. बापाशी कायमचं भांडली. पायपेटीची किल्ली मिशनच्या मॅडमला परत दिली. परतायला घर ठेवलं नाही.

लग्नात मिशनच्या बायका बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बसल्या होत्या. अजमत गायला लागला. चीज चढत गेली, शेवटच्या ओळीशी आली. सलोमीनं श्वास धरला.

"कहे दिलशाद..."

वाहवा उसळली. साहेबांनी आपल्याच नावाला मान डोलावली, शाल पुढं केली.

"पगार वाढला म्हनं याचा," शेजारी बसलेली देवडीवरची तुळजाबाई कुजबुजली. "साहेबांनी देवडीत खोली बी दिली. महिना झाला की."

महिना! सलोमीला ते ऐकायची गरजच नव्हती. ऐनवेळी जीभ अडखळली असती, तर तिनं माफ केलं असतं. माणूस घाबरतो. पण नाव कुठंच ठेचकाळलं नव्हतं. त्या जास्तीच्या मात्रेसाठी आधीचा लांब सूर कापून त्यानं जागा केली होती, घोटून घोटून गुळगुळीत केलेली. अशी जागा एका बैठकीत होत नाही. तिची करंगळी धरून 'सकाळची गाडी' म्हणत होता, तेव्हाही घरी त्याचा हाच रियाज चालला होता.

चिकाच्या फटीतून त्यानं एकदा इकडं पाहिलं... आणि शाल सावरली.

सकाळच्या गाडीला सलोमी एकटीच बसली. पुढं तिनं कितीतरी मुलींना गाणं शिकवलं. ग्राउपनर मात्र कधी वाजवला नाही.

ती चीज देवडीवर पुष्कळ वर्षं चालली. साहेबांचं नाव झालं, अजमतला घर झालं. आणि या सगळ्याला जागा करून दिली, ती सलोमीच्या सुरानं.