डाव्या बाजूचा खळगा

हसताय काय रे? दिवा बारीक करा आणि गप ऐका. माझा दोस्त गादीवाला, त्याच्यावर बेतलेली गोष्ट आहे ही. एरवी तो एक नंबरचा थापाड्या, पण हे सांगताना त्याने पदरचा एक शब्द घातला नाही.

त्याच्या गल्लीतले म्हातारे घड्याळजी वारले. वर्षभर खोकून खोकून गेले बिचारे. डाव्या कुशीवर पडले तरच श्वास पुरायचा. त्यांच्या मुलाने अंथरूण जाळून टाकायला याला बोलावलं. धंद्याचा रिवाजच आहे तो, मेलेल्याचा कापूस पुन्हा पिंजायचा नाही. याने गादी जाळली. उशीतला कापूस मात्र इतका मऊ, की जाळायला हात होईना. या पठ्ठ्याने तो पोत्यात भरून स्वतःकडे ठेवला.

याच्या घरी सहा वर्षांची पोर. दिवसभर हुंदडायची, रात्री आडवी झाली की खोकला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, औषध दिलं. म्हणाल्या, कापसाची धूळ घरात आणू नका, दुकानचे कपडे बदलून मगच पोरीजवळ जा, आणि निजताना डोकं जरा उंचावर ठेवा. उंच उशी म्हटल्यावर या शहाण्याला ते पोतं आठवलं.

नवी उशी आली आणि खोकला दुपटीने वाढला. औषध चालू, उशाशी कोमट पाणी, तरी पोर खोकून काळीनिळी पडायची. बायको एकदा हळूच म्हणाली, "पोर हातची जाणार असं वाटतंय हो मला." त्यालाही तेच वाटत होतं. सकाळी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरलं.

ती सोमवारची रात्र. अडीचला पाच मिनिटं कमी. खोकला सुरू झाला. हा पाण्याचा पेला घेऊन धावला, दिवा लावला.

पोर गाढ झोपलेली. तोंड मिटलेलं.

आणि खोकला... चालूच.

जाडाभरडा. म्हाताऱ्या माणसाचा.

त्याने पोरीला उचलून छातीशी धरलं. खोकला थांबला. उशी रिकामी. तो बघत राहिला...

उशी दबत गेली. हळूहळू. डाव्या बाजूला.

त्याच पावली त्याने ती अंगणात नेऊन जाळली. पार राख होईपर्यंत उभा राहिला. पुढे पोरीचा खोकला उतरत गेला, पंधरा दिवसांत ती रात्रभर शांत झोपायला लागली. मला सांगताना ढसाढसा रडला तो.

मग त्याने पोरीसाठी दुसरी उशी शिवली. कोरा कापूस, कोरी खोळ. रात्री दुकानातल्या फळीवर ठेवली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या कमरेला.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. फळीवर उशी...

तिच्यात खळगा. डोक्याएवढा. डाव्या बाजूला.

त्याने हात घालून पाहिला.

गरम होता.