धुक्याच्या सकाळी पुसलेली फाइल

नोव्हेंबरात ल्युब्ल्याना शहर धुक्यात विरघळतं. त्या सकाळी नात्से पुलावरून नदी ओलांडत होता, तेव्हा पूल मध्येच संपला आणि पुढे नुसता दुधाळ उजेड उरला, असं त्याला वाटलं. पलीकडून आधी ब्रिना कोस्माचचा आवाज आला, मग ती दिसली.

संगणकातले बिघाड शोधणं हा ब्रिनाचा खासगी व्यवसाय. नात्से तिचा जोडीदार. माणूस मनाचा चांगला, विचारांचा जरा सावकाश.

ज्या प्रयोगशाळेने दोघांना बोलावलं होतं, तिच्या प्रमुख डॉक्टर झोर्मान यांनी दारातच सगळं सांगितलं. नवजात बाळांच्या टाचेतलं थेंबभर रक्त इथे तपासलं जाई. नमुन्यांचं खोकं आलं की पुढची कामं संगणक आपोआप, ठरल्या क्रमाने उरकत असे. पण महिन्याभरात पाच वेळा एकेका खोक्याचे अहवाल निघालेच नाहीत. पडद्यावर एवढंच: ‘फाइल सापडली नाही’. त्यापायी एका मुलीचं औषध तीन दिवस उशिरा सुरू झालं होतं.

“फाइल कुणीतरी पुसतंय,” डॉक्टर म्हणाल्या. “पाचही दिवस ड्यूटीवर आमची तंत्रज्ञ अलेंकाच होती. आज तिला कामावरून काढतेय. पत्रावर सही झालीय.”

संगणकाची ही प्रणाली लिहिणारा तादेय त्रासलेला होता. बिघाड झाल्या दिवशी दुसऱ्या खोक्याचे अहवाल मात्र नीट निघाले होते, हे त्याने सांगितलं. मग प्रणालीत दोष कसला?

“मी शंभर वेळा चालवून पाहिली. एकदाही अडली नाही.”

“कशी चालवलीस?” ब्रिनाने विचारलं.

“कशी म्हणजे? एक खोकं घेतलं, संपवलं, मग दुसरं घेतलं.”

अलेंका साठीला टेकलेली. तिने नात्सेला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभीच राहिली. ती नदीपलीकडेच राहायची, चालत यायची. बाकीच्यांच्या बस अडकल्या की सकाळी सहाला तिलाच फोन येई.

“धुकं पडलं की मीच, बाळा,” ती म्हणाली. नमुन्यांच्या गाड्यांचंही तसंच, असं ती सांगत होती. एरवी समुद्राकडची सातला येते, मारिबोर शहराकडची आठला. धुक्यात पहिली रखडते आणि दोन्ही एकदमच दारात उभ्या राहतात. “एरवी त्या दोघा ड्रायव्हरांची गाठच पडत नाही. त्या दिवशी मी तिघांची कॉफी करते.”

नात्सेला वाटलं, यातून काय निघणार? ब्रिना खिडकीशी उभी राहून खूप वेळ त्या पांढऱ्या शून्याकडे बघत होती. काचेपलीकडे झाड होतं की माणूस, कळत नव्हतं.

दुपारी तिने सगळ्यांना संगणकासमोर बोलावलं. “तादेय, दोन खोकी घे. दोन्ही एकाच क्षणी सुरू कर.”

पहिल्याचे अहवाल निघाले. दुसऱ्याच्या जागी तीच ओळ उमटली: ‘फाइल सापडली नाही’.

अलेंका तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

“पुसणारा माणूस नाहीच,” ब्रिना म्हणाली. “प्रत्येक खोक्याचं काम एक तात्पुरती, कच्ची फाइल करतं आणि संपताना ती पुसून टाकतं. पण नाव सगळ्यांच्या फाइलला एकच. कामं एकामागून एक झाली तर काही बिघडत नाही. म्हणून तादेयला शंभरदा दोष दिसला नाही. दोन कामं बरोबर चालली, की आधी संपणारं दुसऱ्याचीही फाइल पुसून जातं. म्हणून दर वेळी एक खोकं सुटलं, एक अडलं.”

“पण अलेंका?” डॉक्टर म्हणाल्या.

“धुक्याने गाड्या एकत्र आणल्या. धुक्यानेच बस अडवून हिला कामावर आणलं. हिच्यामुळे बिघाड झाला नाही. बिघाड आणि ही, दोघं एकाच कारणाने आली.”

तादेय मान खाली घालून म्हणाला, “नाव मीच ठेवलं होतं.” लगेच त्याने प्रत्येक कामाच्या फाइलला वेगळं नाव देऊन दोन्ही खोकी पुन्हा चालवली. या वेळी दोन्ही अहवाल निघाले.

डॉक्टरांनी पत्र फाडलं आणि माफी मागितली.

“सही करायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंत,” अलेंका शांतपणे म्हणाली.

अलेंकाने हातमोजे चढवले आणि ती उरलेल्या नमुन्यांकडे वळली.