एकशे अठरा टक्के

भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्यात खसखशीएवढे काळे कण होते, मातीत चुंबकी लोहखनिजाची पूड मळून भाजलेले. ही एकविसावी खेप. आधीच्या वीस खेपांचा खाणीच्या आम्लयुक्त पाण्यात चिखल झाला होता आणि शुक्रवारी आमचं काम गुंडाळायचा हुकूम होता.

“या वेळी तरी लाज राखा रे,” भट्टीवाले काका कणांना म्हणाले.

बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीतलं निळं पाणी मी काचेच्या भांड्यात घेतलं, कण टाकून ढवळलं, बाहेरून चुंबक लावला. सगळे कण सरसर त्या बाजूला जाऊन चिकटले. मागे नितळ पाणी राहिलं. कण फुटले नव्हते, आणि तांबं त्यांनी घट्ट धरलं होतं. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

कणांवरचं तांबं सोडवून मोजलं. सत्त्याण्णव टक्के. दुसऱ्यांदा एकशे चार. काटा तपासला, भांडी बदलली. तिसऱ्यांदा एकशे अठरा. पाण्यात होतं त्याहून जास्त तांबं हाती येत होतं.

शेवटी मी शुद्ध पाणी घेतलं, तांब्याचा मागमूस नसलेलं. चुंबकापाशी जमलेला काळा थर हळूहळू लालसर झाला.

“हे आलं कुठून?” काकांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“साहेबांना काय सांगायचं?”

“पहिला आकडा.”

साहेबांनी नितळ पाणी खिडकीच्या उजेडात धरलं आणि हुकमाचा कागद तिथंच फाडला. गुरुवारी खाणीवर मोठी टाकी सुरू झाली. एकीकडून निळं पाणी आत, दुसरीकडून स्वच्छ पाणी बाहेर. मला रडू आवरेना. काका तर चक्क शीळ घालत होते. टाकीशेजारी लालभडक ढीग वाढत होता. त्या दिवशी मी आकडा काढलाच नाही.

दुपारी आईचा फोन आला.

“अगं, घरातले सगळे दिवे गेलेत. वायरमन आलाय, पण त्याला काही उमगत नाहीये. जरा येतेस?”

मी पोचले तेव्हा वायरमन बैठकीत स्टुलावर बसून होता. फ्यूज शाबूत होता. भिंतीतून निघालेल्या वायरचं टोक त्याच्या हातात होतं. वरचं प्लास्टिक कुठं जळलेलं नव्हतं, कुठं कापलेलं नव्हतं.

“स्वयंपाकघरातलं टोक धरा,” तो म्हणाला.

मी आत जाऊन ते धरलं. दारातून तो दिसत होता.

त्यानं वायरला तोंड लावून फुंकर मारली.

माझ्या तळहाताला गार वारा लागला.